गुरुजी, मान मागू नका, पैसे मागा

पत्र:

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ३७. दोन कवितासंग्रह निघाले, दोन्ही पदरमोड करून. दुसऱ्यासाठी पतसंस्थेचं चाळीस हजारांचं कर्ज काढलं. पाचशे प्रतींपैकी तीनशे अजून पलंगाखाली आहेत. गेल्या आठवड्यात एका प्रतिष्ठानचा फोन आला. माझ्या संग्रहाला राज्यस्तरीय काव्यगौरव जाहीर झालाय, पुण्यात सोहळा आहे, नोंदणीचे २,५०० रुपये आठ दिवसांत पाठवा, म्हणाले. बायको म्हणते, तेवढ्यात दोन्ही पोरांचे गणवेश होतात. दुसरं असं की, आमच्या भागातल्या गोंधळी मंडळींवर मला पुस्तक लिहायचंय. गावातले एक म्हातारे गोंधळी सांगतात, पूर्वी आख्यान पहाट फुटेस्तोवर चालायचं. आता यजमान म्हणतो, दीड तासात उरका, डीजे यायचाय. बेंगळुरूची कुठलीशी संस्था अशा कामाला पैसे देते, असं कळलं. पण मित्र म्हणतो, ते इंग्रजीवाल्यांचं काम, वर कंपन्यांचा पैसा. लेखकानं कुणापुढे हात पसरू नये. काय करू?

– गोंधळलेला, गंगाखेड

उत्तर:

गोंधळलेले गुरुजी,

२,५०० रुपये पाठवू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या आठ दिवसांतले किती उलटले ते मला ठाऊक नाही. पाठवले असतील तर गेले समजा, आणि सोहळ्याला जाण्यासाठी वर एसटीचं भाडं तरी घालू नका.

या सोहळ्यांचं गणित अगदी सोपं असतं. साठ जणांना फोन गेले आणि साठांनी पैसे भरले की दीड लाख जमतात. त्यात एका दुपारचा हॉल येतो, घाऊक भावानं शाली आणि सन्मानचिन्हं येतात, एखादा टीव्हीवर दिसलेला चेहरा पाहुणा म्हणून येतो, आणि तरीही आयोजकांच्या हाती बरंच उरतं. काव्यगौरव, शिक्षकरत्न, समाजभूषण ही नावं मागणीनुसार छापली जातात. तुमचा संग्रह कुणी वाचला, हे तुम्ही फोनवर विचारलं नसणार. विचारून बघा. कुठली कविता आवडली म्हणावं. मग समोरचा माणूस काय बोलतो ते मला नक्की कळवा, मी असे नमुने जमवते.

तुम्हाला हसत नाहीये मी. माझीही एक गोष्ट ऐका. पहिल्या कथासंग्रहाला एका संस्थेनं पाच हजारांचा पुरस्कार दिला होता. व्यासपीठावर पाकीट मिळालं, फोटो निघाला. पाकिटात चेक होता, तो वटला नाही. बँकेनं परतीचा आकार माझ्याच खात्यातून कापला. अध्यक्षांना फोन केला, तर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “अहो मॅडम, बहुतेक लेखक तो चेक आम्हाला देणगी म्हणून परत करतात!” फोटो मात्र छान आला होता. आईनं तो मरेपर्यंत कपाटाच्या दारावर लावून ठेवला. म्हणून शाल-श्रीफळाची भूक मला कळते. स्टाफरूममध्ये पेढे वाटता येतात, सासुरवाडीला कळतं की जावई नुसताच कागद काळे करत नाही. त्या भुकेवरच तर हा धंदा चालतो.

आता खऱ्या खासगी पुरस्कारांची गोष्ट. आपल्याकडे ते पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या मुळाशी कुणाचं तरी घर असतं, पुष्कळदा त्या घरातलं एखादं दुःखही. डॉ. श्रीराम लागू आणि दीपा लागू यांनी गेलेल्या मुलाच्या नावानं रूपवेध प्रतिष्ठानतर्फे तन्वीर सन्मान सुरू केला. रंगभूमीवरच्या माणसांना तो आज फार मोलाचा वाटतो. गावोगावची वाचनालयं आणि साहित्य परिषदेच्या शाखाही आई-वडिलांच्या, भावंडांच्या स्मरणार्थ पुरस्कार देतात. त्यामागची व्यवस्था साधी असते. एखादं कुटुंब लाखभर रुपयांची ठेव ठेवतं आणि व्याजातून दरवर्षी पाच हजार दिले जातात. व्याजाचे दर उतरले की कार्यवाह बिचारे पाहुण्यांचा प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून घालतात. अशा ठिकाणी पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागतात, त्यात वावगं काही नाही. परीक्षकांना वाचायला हव्यात ना. प्रती मागणारा वाचणार असतो. पैसे मागणाऱ्याला वाचायची गरज पडत नाही.

वरच्या पायरीवर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार आहे. वर्षाआड, एक लाख रुपये. १९९१ मध्ये पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. पुढे इंदिरा संत, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल, ना. धों. महानोर. ही नावं वाचली की त्या लाखाचं वजन कळतं. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार १९९४ पासून चालू आहेत, आणि त्यांत साहित्याच्या जोडीला समाजकार्यही आहे. ज्ञानपीठ हा सरकारी पुरस्कार असल्याचा पुष्कळांचा समज असतो. तो साहू जैन या उद्योजक घराण्याच्या न्यासाचा आहे. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे असे चार मराठी लेखक त्याचे मानकरी. यांपैकी कुठल्याही ठिकाणी लेखकानं नोंदणी शुल्क भरलेलं नाही. तेव्हा फोन आला की पहिली कसोटी हीच, पैसा कुठल्या दिशेनं वाहतोय ते बघायचं.

पण गुरुजी, तुमच्या पत्रातला पुरस्काराचा भाग मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. मी थांबले ती गोंधळ्यांपाशी.

पत्र पुन्हा वाचून बघा. झालेल्या पुस्तकाला मान मिळावा म्हणून तुम्ही २,५०० रुपये भरायला जवळजवळ तयार झालात. व्हायच्या पुस्तकासाठी पैसे मागायची मात्र लाज वाटतेय. आपल्याकडे हा व्यवहार असा उलटाच होऊन बसलाय. मान न मागता यायला हवा, तर त्यासाठी आपण अर्ज करतो, ओळखी काढतो, परीक्षकाच्या मेहुण्याला गाठतो. आणि अनुदान, फेलोशिप, जे मागितल्याशिवाय कुणी घरी आणून देणारच नाही, ते मागणं म्हणजे हात पसरणं! ज्यांच्यावर तुम्ही लिहिणार ते गोंधळी तरी काय करतात? सुपारी ठरते, विसार घेतात, मग संबळ काढतात. त्यांना कुणी भिकारी म्हणत नाही. प्रकल्पाचा अर्ज ही तुमची सुपारी आहे. अमुक काम करीन, इतके महिने लागतील, इतका खर्च येईल, यात लाचारी कुठे आली?

बेंगळुरूची संस्था म्हणजे बहुधा इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. १९९३ साली स्थापन झाली, १९९५ पासून अनुदानं देते. सरकारी नाही, स्वतःही देणग्या मागूनच चालते, त्यामुळे मागणाऱ्याची अडचण तिथं कळते. कलाविषयक संशोधनासाठी तिचा वेगळा कार्यक्रम आहे आणि त्यात तुमचा विषय अगदी चपखल बसतो. मित्राला सांगा, अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत करता येतो. मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीत लोकसंस्कृतीचे निबंध लिहिण्यापेक्षा गंगाखेडच्या मराठीत गोंधळ लिहिलेला कधीही बरा. संस्था अर्ज कधी मागवते, काय काय मागते, हे दरवर्षी तिच्याच निवेदनात बघायचं. कुणाच्या फॉरवर्डवर विसंबायचं नाही.

दुसरं एक नाव तुमच्या कानावर येईल, न्यू इंडिया फाउंडेशन. स्वतंत्र भारताविषयी वैचारिक पुस्तक लिहिणाऱ्यांना ते फेलोशिप देतात, आणि मराठीसह दहा भाषांतली जुनी महत्त्वाची वैचारिक पुस्तकं इंग्रजीत आणण्यासाठी अनुवादाची फेलोशिपही देतात. तुमच्या कामाचं नाही, पण इंग्रजी चांगलं असलेला एखादा सहकारी असेल तर त्याच्या कानावर घाला. आणि शाळेतल्या कुणा तरुण शिक्षिकेचं पहिलं पुस्तक व्हायचं असेल, तर पतसंस्थेत जाण्याआधी तिला राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचं सांगा. ती सरकारी योजना आहे, आपण बोलतोय त्या खासगी पैशात बसत नाही. पण तुम्हाला कुणी वेळेवर सांगितली असती तर पहिल्या संग्रहासाठी पदर रिकामा करावा लागला नसता.

आता अर्ज. एका छोट्या खासगी फेलोशिपच्या निवड समितीवर मी तीन वर्षं होते. दरवर्षी दीड-दोनशे अर्ज यायचे आणि त्यांतल्या निम्म्यांची सुरुवात एकच असायची: जागतिकीकरणाच्या झंझावातात आपली समृद्ध लोककला लोप पावत आहे, ती जतन करणे ही काळाची गरज आहे. तिसऱ्या अर्जानंतर डोळे मिटायला लागतात. ते वाक्य खोटं नाही, पण ते कुणालाही, कुठल्याही कलेविषयी, घरबसल्या लिहिता येतं. समिती शोधत असते ते तुम्हालाच दिसलेलं काहीतरी.

ते तुमच्या पत्रात आहे, आणि तुम्ही ते बोलता बोलता टाकून दिलंय. रात्रभराचं आख्यान दीड तासावर आलं! मग गाळलं काय? हाच तुमचा प्रकल्प. कथा गाळली की विनोद? गण आणि देवतांना आवाहन राहिलं असणार, कारण ते विधीचं अंग. मग मधल्या उपकथा गेल्या का? नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि त्याच्या साथीदाराची सवाल-जबाबातली मस्करी गेली की उलट वाढली? नव्या पोराला आजोबांचं पूर्ण आख्यान येतं पण गायला मिळत नाही, की येतच नाही? एकच आख्यान आजोबांकडून रात्रभराचं ध्वनिमुद्रित करा आणि तेच त्यांच्या नातवाकडून लग्नघरातलं दीड तासाचं. दोन्ही शेजारी ठेवा. असा अर्ज माझ्यासमोर आला असता, तर मी चहा थंड होऊ दिला असता.

वेळापत्रकाची काळजी तुम्हाला वाटत असेल. शिक्षकाला सुट्टी मेमध्ये, लग्नसराई मेमध्ये, आणि लग्नानंतरचा गोंधळ तेव्हाच. देवीनंच सोय केलीय म्हणायची. नवरात्रात मात्र शाळा चालू असते. तिथं किरकोळ रजा जपून वापरा. आणि तुम्ही जिल्हा परिषदेचे कर्मचारी, म्हणून पैसे स्वीकारण्याआधी रीतसर लेखी परवानगी घ्या. गटशिक्षणाधिकारी ओळखीचे आहेत, तोंडी बोललोय, असलं काही चालत नाही. उद्या कुणी तक्रार केली की ओळखीचा माणूस बदलून गेलेला असतो.

खर्चाच्या अंदाजपत्रकात आपली माणसं हटकून दोन चुका करतात. एक म्हणजे स्वतःचं मानधन लिहीत नाहीत. समितीला वाटेल पैशासाठी करतोय, अशी भीती. समितीला तसं वाटत नाही; तिला वाटतं, या माणसाला कामाचा अंदाज नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला सराईत माणसालाही पाच-सहा तास लागतात; आख्यानात गाणं, संबळाचा गदारोळ आणि जुने शब्द, म्हणजे आणखी जास्त. आठ तासांच्या एका रात्रीमागे किती संध्याकाळी जातील ते मोजा आणि त्याचे पैसे लिहा. दुसरी चूक याहून वाईट. कलावंतांची बिदागी लिहीतच नाहीत. आजोबा आपल्या गावचे, आपल्याला नाही म्हणायचे नाहीत, हे खरं. पण ते रात्रभर गाणार, साथीला दोघं-तिघं, संबळवाला वेगळा. लग्नात जी सुपारी घेतात त्याच्या खाली एक रुपया देऊ नका. आणि ते मुद्रण पुढे कुठे ठेवलं जाणार, कुणाला ऐकता येणार, हे त्यांना आधी नीट सांगून त्यांची संमती घ्या. नाहीतर फेलोशिपवाल्यांचा पैसा घेऊन आपण त्या म्हाताऱ्याला फुकट राबवलं, असं होईल. रेकॉर्डर, चांगला माइक, एसटीचं भाडं, मुक्कामाचं जेवण ही कलमं तुम्हाला सुचतीलच.

मित्राच्या मुद्द्याकडे येते. कंपन्यांचा पैसा. हा प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण मीही तो बरीच वर्षं चघळलाय. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९८५ ते १९९४ या काळात नव्या नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवली; सूत्रधार सतीश आळेकर, पैसा फोर्ड फाउंडेशनचा. म्हणजे मूळ मोटारीवाल्यांचा, अमेरिकेतला. तेव्हाही कुजबुज झालीच. पण त्या पैशातून पुण्या-मुंबईबाहेरच्या पोरांना नाटक लिहायला वेळ आणि शिकवायला माणसं मिळाली, आणि ते काम सरकारनं केलं नव्हतं. सरस्वती सन्मान बिर्लांच्या न्यासाचा. १९९३ चा तो तेंडुलकरांना ‘कन्यादान’साठी मिळाला, ज्या नाटकापायी त्यांच्या अंगावर चप्पल फेकली गेली होती. सन्मान स्वीकारताना त्यांनी त्या चपलेची आठवण काढली आणि दोन्ही निवाड्यांचा आदर करतो म्हणाले. पैसा देणाऱ्यानं त्यांना नाटकातला एक शब्द बदलायला सांगितला नव्हता.

माझ्या लेखी रेघ तिथं आहे. पैसा कुणाचा, यापेक्षा तो कशाच्या बदल्यात येतोय हे करारात वाचायचं. तुमच्या लेखनाचा हक्क कुणाकडे राहणार, मुद्रणं कुणाची, छापण्याआधी मजकूर दाखवावा लागेल का, मध्येच काम थांबलं तर पैसे परत करायचे का. डॉ. आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. केवढं मोठं काम झालं त्या पैशानं! पण करारात परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी लिहिलेली होती, आणि मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात तर महाराजांच्या नोकराला राहायला घर मिळेना. उदार माणसाच्या पैशालाही मुदत आणि अट असते. म्हणून पैसा नाकारू नका, अट वाचा. आणि एखाद्या कंपनीबद्दल तुमच्या मनात खरोखरच अढी असेल, तिच्या कारखान्याचं पाणी तुमच्याच गावच्या ओढ्यात येत असेल, तर तिथं अर्ज करू नका. त्याचा निर्णय तुमचा. मित्राचाही नाही आणि माझाही नाही.

कराबद्दल एकच. पुरस्काराचा पैसा म्हणजे करमाफ, असा सरसकट समज चुकीचा आहे. सरकारी किंवा सरकारनं त्यासाठी मान्यता दिलेल्या पुरस्कारांची गोष्ट वेगळी, इतर रकमांची वेगळी. करारपत्र तालुक्याच्या एखाद्या सीएला दाखवा, दोन-पाचशे रुपये जातील.

नकार येईल, तेही सांगून ठेवते. पहिल्या खेपेला बहुधा येतोच. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीतल्या भटमंडळींपुढे साहेबांचं चाललं नाही आणि नाटक परत आलं, असं फुल्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. कमिटीनं तेव्हा बक्षिसं दिलेली पुस्तकं कुठली, ते मला आता सांगता येणार नाही. तुमचा अर्ज परत आला तर कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र लिहा. काही संस्था उत्तर देतात, आणि ते उत्तर पुढच्या अर्जाला फार उपयोगी पडतं.

मे महिना हुकला तर वर्ष हुकलं, एवढं ध्यानात घ्या. अर्जाचा निकाल यायला महिने लागतात; त्याची वाट न बघता आजोबांचं एक आख्यान मोबाइलवर का होईना, आत्ताच मुद्रित करून ठेवा. त्यांना तुम्ही म्हातारे म्हणताय, मी त्यांचं वय विचारलं नाही. बिदागी द्या. तुमच्याकडे नेमके २,५०० रुपये बाजूला काढलेले आहेत. गणवेशांचे सोडून उरतील त्यातले.

आणि पलंगाखालच्या प्रतींपैकी एक मला पाठवा. भेट म्हणून नको, सप्रेम वगैरे लिहूही नका. आत किंमत छापलेली असेलच. ती आणि टपालखर्च किती झाला ते कळवा, मी पैसे पाठवते.

तुमची,
ताई